कासवाचं घड्याळ

माझा धाकटा भाऊ प्रेमानंद आज दुपारी साडेबारा वाजता एका खाडीच्या तळाशी उतरणार होता, आणि ती साडेबाराची वेळ त्याला मी काढून दिली होती. सकाळपासून माझं कशातच लक्ष नव्हतं ते त्यामुळे. हिशेब चुकला असेल असं मुळीच वाटत नव्हतं. पण आपलं माणूस पाण्यात जाणार म्हटल्यावर बरोबर आलेला हिशेबसुद्धा पुन्हापुन्हा करून बघावासा वाटतो.

तो तिकडे कोकणात, मी इकडे कुरुंद्यात, हळदीच्या खळ्यावर. आमच्या गावात समुद्र पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यात एकाच घरातली दोन भावंडं खाऱ्या पाण्यावर पोट भरतात, याचं लोकांना अजून नवल वाटतं. 'शेषरावचं पोरगं समिंदर दुरुस्त करते' असं कुणीतरी उठवून दिलंय. प्रेमानंदला कुणी विचारलं तर तो हो म्हणतो, कारण त्याला मनातून तसंच वाटतं.

आमची कंपनी छोटी आहे. ती खाड्यांचं पाणी मोजते. किती खोल, किती खारट, कोणत्या वेळी कोणत्या दिशेला किती जोरात धावतं, हे आकडे पूल आणि जेट्ट्या बांधणारे लोक विकत घेतात. मी घरी बसून ते आकडे सांभाळते. आलेले तपासायचे, खोटे वाटतील ते वेगळे काढायचे, जिथे भोक पडलंय तिथे खूण करायची. यंत्रं प्रेमानंद बनवतो. आखाडा बाळापूरला मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करत बसलेल्या त्या पोराला या कामात ओढलं मीच. माय तेव्हा म्हणाली होती, "पाण्याचं काम हाय. तुझ्या भरवशावर धाडून राहिले त्याला." ते मी विसरलेली नाही, आणि माय विसरू देईल असंही नाही.

आज जे वर काढायचं होतं ते प्रेमानंदनेच बनवलेलं यंत्र. लोखंडी चौकटीत बसवलेलं, वरून फुगीर, म्हणून त्याचं नाव कासव. खाडीच्या मधोमध एक पिंप तरंगतं. त्यावर सोलरचं पॅनल आणि मोबाइलचं सिम, आणि तिथून एक वायर तळातल्या कासवापर्यंत गेलेली. आधीची विकत आणलेली यंत्रं मोठी नाजूक. वीज जराशी तुटली की रुसून बसायची, ती कुणी जाऊन समजूत काढेपर्यंत. माझ्या नोंदीत तेवढं भोक. प्रेमानंदने मग आमच्या शेतातला 'ऑटो' समुद्रात नेला.

ऑटो म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण बाहेरच्यांसाठी सांगते. शेतातली लाईट कधी येईल आणि कधी जाईल, याचा नेम नाही. दर वेळी विहिरीवर कोण पळणार? म्हणून मोटारीच्या स्टार्टरला एक डबी जोडतात. लाईट गेली, मोटर बंद. लाईट आली, मोटर आपोआप सुरू. कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. कासवाचंही तेच. वीज तुटली की पडायचं, आली की उठायचं, शेवटच्या नोंदीची वेळ वाचायची आणि तिथून पुढे मोजायला लागायचं. घड्याळाला वेगळा सेल त्याने मुद्दाम ठेवला नव्हता, कारण सेलच्या झाकणातूनच पाणी आत शिरतं. "माझं कासव मरत न्हाई," असं तो छाती काढून सांगायचा.

तशी ही आमच्या घराण्याचीच रीत. मागच्या साली बाबा विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले, उठले, सदरा बदलून जेवायला येऊन बसले. पाय सुजून टम्म झाला तेव्हा कुठे आम्हाला कळलं. विचारलं तर म्हणाले, "काय सांगायचं त्यात? उठलो ना?" प्रेमानंद त्याच विहिरीचं पाणी प्यायलेला.

आणि खोटं कशाला बोलू, कासवाच्या नोंदी पाहून मलाही हरखून जायला झालं होतं. तीन महिन्यांत एक ओळ गळालेली नाही. इतका स्वच्छ डेटा मी आयुष्यात पाहिला नव्हता. भोकं नाहीत म्हणजे खुणा नाहीत, खुणा नाहीत म्हणजे डोक्याला ताप नाही. कंपनीने आणखी चार कासवं करायला घेतली.

आता हे पहिलं कासव वर आणायचं होतं, आणि चौकटीची कडी गाळात अडकून बसली होती. होडीवरून ओढून निघेना. तेव्हा कुणीतरी खाली जाऊन ती सोडवणं आलं. प्रेमानंदने उतरण्याचं रीतसर शिक्षण घेतलंय, म्हणून तोच जाणार. पण त्या खाडीत तळाचं पाणी असं धावतं की माणसाला चौकटीवर नेऊन आपटेल. भरती संपून ओहोटी लागण्याआधी ते थोडा वेळ थांबतं, तेवढीच फट. त्यातही डोळ्यांवर विसंबता येत नाही, कारण वरचं पाणी आणि तळाचं पाणी एका वेळी थांबेलच असं नसतं. वरून खाडी निजलेली दिसते आणि खाली धार चालू असते. तळाचं पाणी कधी थांबतं हे कळावं म्हणून तर कासव तळाला ठेवलेलं. त्याच्या नोंदींवरून मी काढलं, आज साडेबारा. तिकडच्या होडीवाल्यानेही वरचं पाणी बघून साडेबाराच सांगितलं. दोघांचं जुळलं, म्हणून सगळे निर्धास्त झाले.

इकडे खळ्यावर सकाळपासून धावपळ चालली होती. शिजवलेली हळद ताडपत्र्यांवर पसरलेली, पुढची खेप शिजवायला कुकरजवळच्या टाकीत पाणी भरायचं होतं. बाबांनी यंदा मोटारीला ऑटोसोबत टायमरही जोडलाय. मोटर बाबांनी हाताने चालू करायची आणि टाकी भरायच्या सुमाराला, अकरा वाजता, ती टायमरने आपोआप बंद व्हायची. मी लिंबाखाली बसून फोनकडे बघत होते. उतरण्याआधी प्रेमानंद फोन करतो. आज त्याचा फोन आला नव्हता.

"करुणा, पाणी! अगं, हळदीत पाणी शिरलं!"

बाबा ओरडले तशी मी उठले. टाकी काठोकाठ भरून वाहत होती आणि पाणी थेट ताडपत्र्यांखाली घुसत होतं. पाय घसरत विहिरीवर पळाले आणि हातानेच स्टार्टर बंद केला. मोटर घरघरत थांबली.

"टायमर काहून बंद झाला न्हाई ओ बाबा?" मी विचारलं.

बाबा मागून लंगडत आले. टायमरच्या तबकडीवर पावणेअकरा वाजले होते. माझ्या मनगटावर बारा वाजून गेलेले.

"सकाळी मोटर लावायच्या आधी लाईट गेली व्हती ना," बाबा म्हणाले. "लाईट गेली की ह्याचं घड्याळ बी झोपते. उठलं की जिथं झोपलं तिथून पुढं. मधात किती येळ गेला, त्याला काय ठावं?"

माय ओली हळद फावड्याने बाजूला ओढत होती. तिथूनच तिने टोमणा मारला, "आजकाल समद्यालाच उशीर होऊन राहिला. हिचं ते कासव बी तसंच. आधी माझी वंदना चालू असताना टिंग करायचं. आता भाकरी होऊन जातात तरी त्याचा पत्ता न्हाई."

मी तशीच उभी राहिले. पायाखालच्या चिखलात चप्पल रुतली होती, ती काढायचंही सुचेना.

माय रोज सकाळी सहाला बुद्धवंदना म्हणते. आणि कासव आपल्या घड्याळात सहा वाजले की आदल्या दिवसाच्या सगळ्या नोंदी एकत्र पाठवतं, तेव्हा माझा फोन टिंग करतो. पहिले काही दिवस तो बरोबर 'बुद्धं सरणं'च्या मध्येच वाजायचा आणि माय माझ्याकडे डोळे वटारायची. मग तो हळूहळू मागे पडत गेला. मला वाटलं, खाडीतलं नेटवर्क, त्याचं काय खरं! आज तो साडेसात वाजून गेल्यावर आला होता. आतली वेळ कासवाची, आल्याची वेळ फोनची. मी रोज आतले आकडे डोळ्यांत तेल घालून तपासत होते आणि बाहेरच्या वेळेकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

कासव पडत होतं. पिंप लाटांवर हेलकावे खाई, वायर ढिली होई, वीज तुटे, आणि कासव निपचित पडे. मग वीज येई आणि ते उठून, जणू काही झालंच नाही, अशा थाटात पुढची ओळ लिही. असं थोडंथोडं करत ते दीड तास मागे पडलं होतं. भरतीची वेळ तशीही रोज पुढे सरकते, त्या सरकण्यात हे सरकणं मिसळून गेलं. वरचं आणि तळाचं पाणी एकाच वेळी थांबतं असं दिसलं, ते कासवाचं घड्याळ मागे होतं म्हणून. तळाचं पाणी साडेबाराला थांबणार नव्हतंच. ते दोनला थांबणार होतं. साडेबाराला ते भरात असणार होतं, आणि वरून खाडी निजलेली दिसणार होती.

"माय गं," एवढंच माझ्या तोंडून निघालं, आणि मी कॅनॉलकडे पळत सुटले. आमच्या शेतात फोनवर नीट बोलता येईल इतकी रेंज मिळते ती फक्त कॅनॉलच्या भरावावर.

प्रेमानंदचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. पाण्यात दोन फोन गेल्यापासून ते सगळ्यांचे फोन जेवणाच्या डब्यात घालून गाडीत ठेवतात, हे मला माहीत होतं. तरी मी पुन्हा लावला. मग शितलला लावला. शितल आमची तिथली प्रमुख, काठावर जेट्टीपाशी गाडी घेऊन थांबलेली असते.

"बोला करुणा, अगदी वेळेवर चाललंय," ती म्हणाली.

"त्याला उतरू देऊ नका. वेळ चुकली आहे. तळाचं पाणी अजून दीड तास थांबणार नाही."

"काय म्हणताय? रिपोर्ट तर तुमचाच आहे."

"रिपोर्ट चुकीचा आहे. कासवाचं घड्याळ मागे पडलंय. ते मध्येमध्ये बंद होत होतं."

"बंद?" शितलच्या आवाजात चीड आली. "मी स्वतः पाहिलाय डेटा. तीन महिन्यांत एक ओळ कमी नाही. बंद पडलं असतं तर कुठेतरी खंड दिसला असता ना? आणि इथे पाणी एकदम शांत आहे, मी बघतेय समोर. आज नाही काढलं तर अशी भरती दिवसाउजेडी पुन्हा पंधरवड्याने. नीट विचार करून सांगा."

"खंड दिसत नाही हाच तर घोळ आहे!" मी ओरडले. पलीकडच्या शेतातल्या बायका वर बघायला लागल्या. "ते पडतं आणि सांगत नाही. माझ्या भावाने ते तसंच बनवलंय. शितल, तुमच्या पाया पडते, हॉर्न वाजवा. नंतर मला कामावरून काढायचं तर काढा."

 पलीकडे गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला, आणि लांबलचक हॉर्न. लांब हॉर्न म्हणजे उतरू नका, उतरला असेल तर दोराने वर ओढा, हे त्यांचं ठरलेलं होतं. हॉर्न थांबेचना. मी फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला.

"तो दिसत नाहीये," शितल म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "होडीत फक्त खेमा आणि होडीवाला आहेत. तो खाली गेलाय."

खेमा बाळापूरजवळच्या तांड्यावरचा, प्रेमानंदचा स्टार्टरच्या दुकानापासूनचा सोबती. प्रेमानंद खाली गेला की त्याच्या कमरेचा दोर खेमाच्या हातात असतो. एरवी त्याच्या बडबडीने मला वीट येतो. त्या वेळी मात्र वाटलं, बाबा रे खेमा, जन्मभर बडबड कर, पण दोर सोडू नको.

"खेमाने ऐकलं," शितल सांगत होती. "ओढतोय. दोघं मिळून ओढताहेत. दोर तिरका गेलाय, करुणा. फार तिरका गेलाय."

दोर तिरका म्हणजे खाली धार होती.  भोक पडलेली नोंद निदान खरं बोलते. इथून इथपर्यंत मला माहीत नाही, असं सरळ सांगते. माझ्या तीन महिन्यांच्या नोंदीतली एकही ओळ आता पुरती दुरुस्त करता येणार नव्हती, कारण कासव नेमकं कुठे कुठे पडलं हे कुणालाच कळणार नव्हतं. पण नोंद गेली खड्ड्यात. मला माझा भाऊ हवा होता. माय भराव चढून कधी माझ्या मागे येऊन उभी राहिली तेही मला कळलं नाही. तिच्या हातांना ओली हळद लागलेली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिला काही सांगितलं नाही. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"आला!" शितल एकदम किंचाळली. "वर आला. होडीत घेतला. उताणा झोपवलाय त्याला... खोकतोय. करुणा, तो खोकतोय."

मी मायचा हात धरला आणि रडायला लागले. मग मायला सांगितलं, प्रेमानंद पाण्यात अडकला होता, आता वर आलाय. मायने पदर तोंडाला लावला.

होडी काठाला लागेपर्यंतचा वेळ कसा गेला ते सांगता येत नाही. शेवटी शितलने फोन त्याच्या हातात दिला. मायलाही ऐकू यावं म्हणून मी स्पीकर चालू केला.

"ताई, कशाला बोंब मारून राहिली एवढी?" तोच नेहमीचा मस्तीखोर आवाज, जरा बसलेला. "काही झालं न्हाई मला. एकदम बराबर हाय. आता खरी येळ कळली ना? दोनला पुन्हा उतरतो अन् आणतो त्याला वर."

माय डोळे पुसत हसली. मलाही हसू येणार होतं. पण काहीतरी टोचलं.

"काय झालं ते नीट सांग मला," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

"काय सांगायचं त्यात? खाली गेलो. धार जबर व्हती. चौकटीपाशी पोचलो, कडीला हात घातला. मग होडीत बसलो, खेमानं पाणी पाजलं. झालं."

त्याने ते सलग सांगितलं, एका दमात, कुठेही न अडखळता. आणि माझं कामच असलं, की न अडखळता आलेली नोंद पाहून आता मी आधी तिच्यातलं भोक शोधायला लागले. कडीला हात घातला, मग होडीत बसलो. शितलने तर त्याला होडीत उताणा झोपवलेला पाहिला होता. दोर ओढला तो कुठे गेला? खोकला कुठे गेला?

"प्रेम्या," मी म्हटलं, "किती वेळ बंद होतास?"

 खाडीवरच्या वाऱ्याचा आवाज येत राहिला. 

"कडीला हात घातल्यावर पुढं काय?" मी विचारलं. "मधलं सांग."

"मधलं..." त्याचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. "मधलं न्हाई आठवत गं ताई. डोक्याला काहीतरी लागलं वाटते. छातीत बी दुखून राहिलं."

"शितल," मी जोरात म्हटलं, "त्याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. तो शुद्धीवर नव्हता. चालतोय, बोलतोय, त्यावर जाऊ नका."

गाडीची दारं उघडल्याचा, खेमाने त्याला आधार देऊन बसवल्याचा आवाज आला. गाडी सुरू झाली. मग त्याचा आवाज पुन्हा आला, अगदी हळू.

"ताई, मायला सांगू नको."

मी मायकडे पाहिलं. तिने फोन माझ्या हातातून घेतला. तिच्या बोटांची हळद काचेवर उमटली.

"माय बोलून राहिले," ती म्हणाली. "जिथून आठवत न्हाई ना लेकरा, तिथून सांग मला. दवाखाना येईस्तवर सांगत राहा. मी ऐकून राहिले."